स्लॅबचा नियम

मी आयुष्यात फारसं खोटं बोललेलो नाही. यात माझा मोठेपणा काही नाही. वीज कंपनीच्या तालुक्याच्या कचेरीत मी जन्मभर कारकुनी केली, आणि कारकुनाला खोटं बोलायची वेळच फारशी येत नाही. ‘साहेब जागेवर नाहीत’ एवढं एक वाक्य सोडलं, तर बाकी सगळं कागदावर असतं. त्यामुळे निवृत्तीनंतर एका सकाळी स्वतःच्याच घराच्या जिन्यात उभा राहून जे खोटं बोललो, ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. ते बोलायला मला जराही त्रास झाला नाही, हेही आठवतं.

आमचं मूळ गाव माणगावच्या आतल्या अंगाला, भातशेतीचं. वडील शिक्षक. त्यांची बदली इथे किनाऱ्यावर झाली आणि त्यांना ही जागा आवडली, म्हणून कोळीवाडा संपतो आणि वरची आळी सुरू होते त्या कोपऱ्यावर त्यांनी घर बांधलं. पुढे कौलं उतरवून त्यावर स्लॅब मी टाकला. शेजारी कोळ्याचं घर. त्या घरच्या कर्त्या माणसाला मी दादा म्हणायचो, म्हणून त्याची बायको माझी वहिनी आणि मी तिचा भावजी. दादा लवकर गेला. होडी विकावी लागली. वहिनी तेव्हापासून बंदरावर दुसऱ्यांच्या होड्यांतून उतरणारा ओला जवळा, म्हणजे कोळंबीसारखी अगदी बारीक मासळी, घ्यायची, वाळवायची आणि बोर्लीच्या बाजारात नेऊन विकायची. मुलींची लग्नं तिने त्याच्यावर केली.

तो जवळा ती वाळवायची आमच्या स्लॅबवर. त्यालाही कारण होतं. स्लॅब पडला तेव्हा माझ्या बायकोचे दिवस भरलेले, मला रजा मिळेना आणि वडिलांचे गुडघे धरलेले. तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ शिडीवरून हंडे वर नेऊन स्लॅबला पाणी मारलं ते वहिनीने. कोणी तिला सांगितलं नव्हतं. पाणी मारून झालं तेव्हा वडीलच तिला म्हणाले, की उद्यापासून जवळा वरच घालत जा. याचा कुठे कागद झाला नाही. आमच्याकडे अशा गोष्टींचे कागद होत नाहीत, आणि माझ्यासारख्या कारकुनालाही त्याचं कधी काही वाटलं नाही.

ज्यांनी जवळा खाल्ला आहे त्यांना एक गोष्ट सांगायला नको. किनाऱ्यावर वाळवलेल्या जवळ्यात रेती येते. कितीही धुतला तरी दाताखाली कचकच लागते आणि जेवणाचा विचका होतो. ताडपत्रीवर घातला तर खालून घाम धरतो आणि वास मारतो. स्लॅब तापतो, कोरडा राहतो आणि दुपारच्या वाऱ्याबरोबर उडणारी रेती तेवढ्या उंचीवर पोचत नाही. वहिनी पहाटे स्लॅब झाडायची, पातळ थर पसरायची, दुपारी हाताने उलथायची आणि संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करून जिन्याखालच्या खोलीतल्या पत्र्याच्या डब्यांत भरायची. मे महिन्यात माणगावकडच्या बायका पावसाळ्याची बेगमी करायला बोर्लीला उतरतात. त्या आधी भाव विचारत नाहीत. चिमूटभर जवळा उचलून तोंडात टाकतात, चावतात आणि मग बोलतात. वहिनीच्या टोपलीपुढे चावून झालं की बाई खाली बसायची. हे मी कैकदा पाहिलं होतं. वहिनीची बाजारातली सगळी पत त्या एका चिमटीवर उभी होती, आणि ती चिमूट आमच्या स्लॅबवर.

मग ते मोठं वादळ आलं. खांब आडवे झाले, तारा माडांत अडकल्या आणि आमच्याकडे कितीतरी दिवस वीज नव्हती. मी वीज कंपनीतला, त्यामुळे सगळी आळी रोज माझ्याकडे येऊन विचारायची, कधी येणार म्हणून. मला काय ठाऊक? पण मी रुबाबात सांगायचो, काम चालू आहे. फ्रीजमधलं सगळं पहिल्या दोन दिवसांतच सडलं. होड्या बंद, बाजार बंद. त्या दिवसांत आमच्या आळीने भाताबरोबर खाल्ला तो वहिनीचा जवळा. जिन्याखालचे डबे तिने स्वतः उघडले आणि घरोघर मापाने वाटला. आमच्या घरी तर माप न लावता दिला.

त्याच दिवसांत मी ठरवलं, की यापुढे विजेसाठी कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. सौर पॅनेल बसवायची आणि तीही बॅटरीसकट. लोकांना वाटतं पॅनेल बसलं की अंधार गेला. तसं नसतं. नुसती पॅनेल असली तर लाइन गेली की तीही बंद पडतात. दिवसाचं ऊन साठवून ठेवणारी बॅटरी असेल तरच घर चालतं. हे मी तेव्हा ज्याला त्याला ऐकवत होतो. ऊन साठवायची कला माझ्या स्लॅबवर बरीच वर्षं चालली होती आणि नुकतीच मला जेवूही घालून गेली होती, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. खरं तर तेही खरं नाही. आलं होतं, पण मी ते मनावर घेतलं नाही.

पॅनेल बसवायला अलिबागकडचा एक तरुण आला. चांगला, मापात बोलणारा. त्याने फीत टाकली, सावल्या बघितल्या आणि म्हणाला, की काका, दक्षिणेच्या अंगाला दाटीने घेतली तर अर्ध्याहून जास्त स्लॅब तुम्हाला मोकळा राहील, वाळवणाला बरा. मी त्याला म्हटलं, नको, मधोमध घ्या, चारी बाजूंनी फिरता आलं पाहिजे. त्याने दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा तेच सांगितलं.

का, ते सांगतो. मुलगा आणि सूनबाई पनवेलला राहतात, शनिवारी येतात. सूनबाई काही बोलत नसे, पण गाडीतून उतरली की रुमाल नाकाशी न्यायची. एकदा तिचे आईवडील आले होते. तिच्या वडिलांनी घर फार छान आहे म्हटलं आणि मग वर बोट दाखवून विचारलं, की हा वास कायमचा का? मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जो वास मी अर्धं आयुष्य घेतला, ज्याची चटणी मला भाकरीबरोबर रोज चालते, त्याची मला त्या दिवशी लाज वाटली. कावळे आणि बगळे पॅनेलवर घाण करतात, त्याने वीज कमी होते, हे कारण मी नंतर शोधलं. ते खरं आहे. पण मला जायला हवा होता तो वास.

वर पॅनेल बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी डोक्यावर ओल्या जवळ्याची टोपली घेऊन जिना चढत होती. तिसऱ्या पायरीवर मी तिला अडवलं. म्हटलं, की वहिनी, आता वर काही वाळत घालता येणार नाही. पॅनेल असलेल्या स्लॅबवर मासळी घालायची नाही, असा नियम आहे, कंपनीचं तसं पत्रक आलंय. पत्रक हा शब्द मी मुद्दाम वापरला. असलं कुठलंही पत्रक नव्हतं. टोपलीतलं पाणी तिच्या खांद्यावर गळत होतं. ती म्हणाली, “नियम हाय तर हाय. तुमी तरी काय करनार, भावजी?” आणि टोपली तशीच घेऊन खाली उतरली.

माझी समजूत तिने काढली, हे मला तेव्हा सोयीचंच वाटलं. दोन दिवसांनी ती डबे घेऊन गेली. त्या जागी बॅटरी बसली.

बॅटरी छान चालते. मोबाईलवर आलेख दिसतो. सकाळी चढत जातो, दुपारी डोंगर होतो, संध्याकाळी उतरतो. पहिलं वर्षभर मी पाहुण्यांना चहाच्या आधी तो आलेख दाखवत असे. लाइन गेली की आमचे दिवे चालू आणि आजूबाजूला सामसूम. शेजारीपाजारी फोन लावायला ओटीवर यायचे. वहिनीही यायची. तिचा फोन मी स्वतः हातात घेऊन सगळ्यांच्या आधी लावायचो. फेडल्यासारखं वाटायचं. माणूस स्वतःला किती स्वस्तात सोडवून घेतो, हे तेव्हा मी अगदी जवळून पाहिलं.

ती जवळा किनाऱ्यावर घालायला लागली होती. जुनी जाळी अंथरायची आणि कडेला फळ्या उभ्या करायची. तिच्या अंगणात माडांची सावली, पत्र्यावर चढायचं वय गेलेलं. मी ते येता-जाता बघत होतो. बघून न बघितल्यासारखं करत होतो.

पुढच्या मे महिन्यात मी काही कामाने बोर्लीला गेलो तो बाजाराचा दिवस होता. वहिनी तिच्या नेहमीच्या जागेवर बसलेली. तिच्यापुढे आमच्याकडच्या, म्हणजे माणगावच्या बाजूच्या, दोन बायका उभ्या होत्या. त्यांच्या बोलण्यावरून त्या दरवर्षीच्या आहेत हे कळत होतं. एकीने चिमूट तोंडात टाकली, चावली आणि थांबली. पदर तोंडाशी नेऊन हळूच थुंकली. काही वाईट बोलली नाही. नुसती म्हणाली, की यंदा तुझ्या जवळ्याला काय झालं गं? वहिनी हसून काहीतरी म्हणाली. त्या दोघी पुढच्या टोपलीकडे गेल्या. तेवढ्यात वहिनीची नजर माझ्याकडे गेली. मला वाटलं आता ती तोंड फिरवेल. तिने मला हाक मारली, उन्हात का उभे म्हणून विचारलं आणि माझ्यासाठी चहा सांगितला. तो चहा मी तिथे उभा राहून प्यायलो. तिची टोपली दुपारपर्यंत जवळजवळ भरलेलीच होती.

त्या दिवशी घरी येऊन मी जेवलो नाही. बायकोने विचारलं तेव्हा ऊन लागलं म्हणून सांगितलं. पण तेव्हाही मी वहिनीकडे गेलो नाही. तिच्या पोटावर पाय देऊन मी आलेख बघत बसलो होतो, एवढं मला कळलं होतं. कळून काही केलं नाही. लाज वाटणं आणि काही करणं यांच्यात इतकं अंतर असतं, हे मला साठी उलटल्यावर समजलं.

मला हलवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. वरच्या आळीत हळूहळू आणखी घरांवर पॅनेल आली. सरकार मदत देतं म्हटल्यावर येणारच. त्यातल्या एका घरी इन्व्हर्टरचा लाल दिवा जाईना म्हणून मला बोलावलं. दिवा किरकोळ होता, गेला. घरधनी चहा देताना म्हणाले, की तुम्ही तो नियम सांगितलात ते फार बरं झालं, नाहीतर या बायकांना तोंडावर नाही म्हणणं जड जातं. मी विचारलं, कुठला नियम? ते म्हणाले, स्लॅबवर मासळी न घालायचा. तुमच्या शेजारणीनेच कोळीवाड्यात सगळ्यांना सांगितलंय, आमचे भावजी कंपनीतले, ते खोटं कशाला सांगतील. आता चार घरांनी बंद केलंय.

मी तो चहाही संपवला. म्हणजे माझी लबाडी एका जिन्यात राहिली नव्हती. ती गावाचा नियम झाली होती, आणि तिला माझं नाव लावून फिरवणारी होती वहिनी, माझ्यावरच्या विश्वासाने. चार घरं म्हणजे चार बायका. त्यांच्याही टोपल्यांत आता रेती असणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वहिनीच्या दारात गेलो. ती ओटीवर जवळा निवडत बसली होती, त्यातले बारीक खडे आणि शिंपल्याचे तुकडे काढत होती. मी उभ्यानेच सांगितलं, की तसा नियम नाही, कधीच नव्हता, मी खोटं बोललो. कारणही सांगितलं, वासाचं. ती निवडायची थांबली नाही. म्हणाली, तिला ठाऊक होतं. मीटर बघायला येणाऱ्या माणसाला तिने विचारलं होतं, की पत्र्याच्या घरालाही तो नियम लागतो का, आणि तो माणूस हसला होता. पण तोवर तिने सगळ्या कोळीवाड्यात माझा हवाला देऊन झालं होतं. मग तू मला बोलली का नाहीस, असं मी विचारलं.

“काय बोलनार? तुमी सरळ न्हाय म्हनाला असतात तर मी भांडले असते, रडले असते, आर्धा तरी स्लॅब मागून घेतला असता. तुमी नियम म्हनालात. नियमाशी कोन भांडंल?”

मी म्हटलं, पॅनेल उद्याच बाजूला घेतो, तू परत वर ये. तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली. “माज्या दारात सांगून काय उपेग, भावजी? त्या चार बायांचं काय? देवळापुढं गावकी बसंल रविवारी, तितं सांगा. तुमचं तोंड, तुमीच सांगा.”

मी कबूल झालो. खरंच झालो होतो. रविवारपर्यंत मी ते कागदावर तीनदा लिहून काढलं, जन्माची सवय. ‘माझ्याकडून चुकीची माहिती दिली गेली’ असं पहिल्यांदा लिहिलं. ते खोडून ‘मी खोटं बोललो’ असं लिहिलं. बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, की असंच सांग, बरं वाटेल.

रविवारी सकाळी देवळापुढे सगळे होते. पुरुष चौथऱ्यावर, बायका खांबांपाशी. पालखीचा रस्ता, विहिरीचा गाळ असे विषय झाले आणि मी उठलो. कागद खिशात होता. समोर बघितलं तर सगळे माझ्याकडे बघत होते, बिलं घेऊन माझ्या ओटीवर येणारे, वादळात मला कधी येणार म्हणून विचारणारे. तो लाल दिवावाला पुढेच बसला होता. वहिनी कडेच्या खांबाला टेकून बसली होती. मी घसा साफ केला आणि म्हणालो, की पॅनेल असलेल्या स्लॅबबद्दल नवीन पत्रक आलं आहे. जुना नियम रद्द झाला. मोकळ्या जागेत वाळवण घालायला आता हरकत नाही.

हे माझ्या तोंडातून बाहेर पडलं तेव्हा मलाच ते दुसऱ्या कोणी बोलल्यासारखं ऐकू आलं. बायकांत एकदम बोलणं सुरू झालं. एकीने हात जोडले. लाल दिवावाला म्हणाला, की यांनीच पाठपुरावा केला असणार, आणि कोणीतरी माझ्या आभाराचा ठराव मांडला. तो मंजूर झाला. मी हात वर करून पुरे पुरे म्हटलं आणि खाली बसलो. वहिनीने पदर सावरला आणि ती सभा संपायच्या आधीच निघून गेली.

मी मनाला समजावलं, की काम तर झालं. चारही घरांच्या स्लॅबवर बायका परत जवळा घालायला लागल्या. त्या अलिबागच्या तरुणाला बोलावून मी पॅनेल दक्षिणेकडे दाटीने घेतली. अर्ध्याहून जास्त स्लॅब मोकळा झाला. तो मी स्वतः झाडला, धुतला. बॅटरी जिन्याखालून ओटीच्या कोपऱ्यात आणली, डब्यांना जागा झाली. सूनबाईला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, की बाबा, मला एकदा विचारायचं तरी होतं. वहिनी मात्र आली नाही. एक दिवस गेला, आठवडा गेला. ती रोज टोपली घेऊन माझ्या फाटकावरून पुढे जाते आणि वरच्या आळीतल्या, आमच्याहून लांबच्या आणि उंच जिन्याच्या घरी जाऊन जवळा घालते. त्या घरावर पॅनेल नाहीत.

शेवटी एका सकाळी मी फाटकात उभा राहून तिला हाक मारली. म्हटलं, वहिनी, स्लॅब मोकळा आहे, वर ये. रस्त्यात बंदराकडून येणारी चार-पाच माणसं होती, तीही थांबली. वहिनीने डोक्यावरची टोपली न उतरवताच माझ्याकडे बघितलं.

“नको, भावजी,” ती म्हणाली. “तुमच्याकडं नियम लय लवकर बदलतात.”

माणसं हसली. त्यांना वाटलं, वहिनी कंपनीची थट्टा करते आहे. एकजण मला म्हणाला, की खरंय की नाही, साहेब? वहिनी अजून तिथेच उभी होती आणि खरं काय ते सांगायला मला याहून सोपी जागा पुन्हा मिळणार नव्हती. मी त्यांच्याबरोबर हसलो.